बातम्यांपासून ‘उंबरठ्या’पर्यंत

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा टीव्ही मोजक्याच घरांत होते. संध्याकाळी शेजारीपाजारी जमत आणि कृष्णधवल पडद्यावर मोठ्या, बोलक्या डोळ्यांची एक सावळी मुलगी मराठी बातम्या वाचू लागे. ती पुण्याची स्मिता पाटील. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसे, हा किस्सा आजही सांगतात.

बातम्या वाचताना स्वतःच्या भावना आवरायच्या असतात. अभिनयात त्याच मोकळ्या करायच्या. श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं ते दूरदर्शनवरच. १९७५ मध्ये ‘निशांत’ आला. ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या चित्रपटांसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पण मराठी घरांना थेट प्रश्न विचारला तो १९८२ च्या ‘उंबरठा’ने. कामासाठी घराबाहेर पडलेल्या सुलभाला परतल्यावर घरात जागा उरते का?

१३ डिसेंबर १९८६ रोजी, पहिल्या बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत, अवघ्या एकतिसाव्या वर्षी स्मिता गेली. सुलभाचा प्रश्न मात्र अजून आपल्या दारात उभा आहे. त्याचं उत्तर सुनेला, लेकीला आपणच द्यायचं आहे.