पहिलं पिस्तूल घेण्याआधी



आज पिस्तुलाबद्दल बोलायचं आहे. दचकू नका, आवाजही कमी करू नका. हे खेळाचं पिस्तूल आहे, आणि त्याचा आमच्या बचत गटाशी चांगलाच संबंध आला.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मासिक बैठकीत कर्जाचे अर्ज वाचले जात होते. एकीला शेळ्या घ्यायच्या होत्या, एकीला शिलाई मशीन, एकीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतरचा अर्ज सचिवताईंनी दोनदा वाचला: ‘मुलीसाठी पिस्तूल, ७५ हजार.’ मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहणारी. तिथल्या रायफल क्लबमध्ये जाऊन नेमबाजी शिकायला लागलेली. मग काय, दोन तास वाद! एक म्हणाली, तेवढ्यात लग्नातले दोन दागिने होतील. दुसरी म्हणाली, पोरीच्या हातात पिस्तूल बघून सोयरीक कोण करील? तिची आई फक्त एवढंच म्हणाली, “ती चांगली मारते, सर म्हणाले.” शेवटी कर्ज मंजूर झालं. आम्हाला आमचाच अभिमान वाटला.

पण त्या दोन तासांत, पिस्तूल कोणतं आहे, कुणाकडून घेताय आणि कशासाठी एवढे पैसे, हे आम्ही एकीनेही विचारलं नाही. गाय घ्यायची असती तर दात बघितले असते, वेत विचारलं असतं, धार काढून पाहिली असती.

पिस्तूल जुनं होतं, एका ओळखीच्या माणसाने कुणाकडून तरी मिळवून दिलेलं. मुलगी ते घेऊन क्लबमध्ये गेली. प्रशिक्षकांनी त्याचा हवेचा सिलिंडर हातात घेतला, त्यावरची तारीख वाचली आणि हवा भरायला साफ नकार दिला. सिलिंडरची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. पिस्तूल पेटीत आणि हप्ते मात्र चालू!

त्यानंतर आम्ही चौघीजणी त्या प्रशिक्षकांना जाऊन भेटलो आणि जे आधी विचारायला हवं होतं ते सगळं विचारलं. तेच आज सांगतो.

आधी कायदा. नेमबाजीत दोन तऱ्हेची पिस्तुलं असतात. एक कारतुसाचं, दुसरं हवेचं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात. ते पॉइंट टू-टू कारतुसाचं पिस्तूल. असं हत्यार बाळगायला १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि साधारणपणे वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. कॉलेजातल्या मुलीची सुरुवात तिथून होत नाही. ती होते १० मीटर हवेच्या पिस्तुलावर. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि सामन्याची पिस्तुलं त्या जोराच्या बरीच खाली असतात. दुकानदार ओळखपत्र मागतो, ते द्या. पावती मुलीच्या किंवा पालकाच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा. कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणून गावठी कट्टा दाखवला तर त्याला खेळाशी काही घेणंदेणं नाही. तो घरात सापडला तर तुरुंग आहे.

आता खेळ. दहा मीटर म्हणजे साधारण तेहतीस फूट. उभं राहून, एकाच हाताने, कशाचाही टेकू न घेता नेम धरायचा. मधलं दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. अशा ६० गोळ्या, ७५ मिनिटांत. पूर्वी बायकांना ४० गोळ्याच असायच्या. २०१८पासून बायकांना आणि पुरुषांना सारख्याच ६० झाल्या. (हे ऐकून आमच्यातल्या एकीने टाळी वाजवली.)

पिस्तूल एक किलोच्या आसपास भरतं. नियमाने दीड किलोपेक्षा जड चालत नाही. किलोभर वजन तासभर पुन्हा पुन्हा खांद्याच्या उंचीवर सरळ धरणं काय असतं, ते पाण्याने भरलेली लिटरची बाटली धरून बघा. आम्ही बघितलं. पहिल्या मिनिटातच हात थरथरायला लागला. प्रशिक्षक म्हणाले, पहिल्या सहा महिन्यांचा निम्मा सराव हाच. त्याला पिस्तूल विकत घ्यावं लागत नाही.

आणि हीच आमची मोठी चूक झाली होती. बहुतेक क्लबांत शिकणाऱ्यांसाठी क्लबची पिस्तुलं असतात. आधी सहा महिने, जमलं तर वर्षभर, त्यांवर शिकावं. दोन-तीन वेगवेगळी पिस्तुलं हाताळली की आपल्या हाताला काय मानवतं ते कळतं. तोवर मुलीची आवड टिकते का, कॉलेज सांभाळून रेंजवर जाणं जमतं का, तेही कळतं. बाजारात काही हजारांत मिळणारं, नळी मोडून भरायचं स्प्रिंगचं पिस्तूलही मधला मार्ग नव्हे. त्याला झटका बसतो, चाप जड असतो, आणि हाताला लागलेली वाईट सवय मोडायला पुढे महिने जातात. सामन्याचं परदेशी बनावटीचं नवं पिस्तूल लाखाच्या वर जातं. म्हणून गरिबाघरची मुलगी बहुधा जुन्याकडे वळते. त्यात वाईट काही नाही, पण पाहून घ्यायला हवं.

सगळ्यात आधी सिलिंडर. नळीच्या खाली जी लांबट बाटली असते, तिच्यात दाबून भरलेली हवा असते, बहुतेकांत २०० बारपर्यंत. गाडीच्या चाकात दोन-अडीच बार असते, यावरून अंदाज घ्या. त्यावर तारीख कोरलेली असते. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर सामन्यात चालत नाही, आणि तो भरणं धोक्याचंही आहे. नवा मागवायचा तर त्याचे पैसे वेगळे आणि वाट पाहणं वेगळं.

मग मूठ. दुसरीचं खुरपं घेऊन दिवसभर भांगललं की संध्याकाळी तळहाताला फोड येतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पिस्तुलाची लाकडी मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, आणि उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते. आमच्या मुलीला मिळालेली मूठ एका धिप्पाड पुरुषाच्या मापाची होती. तिचं बोट चापापर्यंत नीट पोचतच नव्हतं. थोडाफार फरक असेल तर मूठ कानसीने घासून किंवा लाकडाची लांबी भरून जमवता येते, पण मापच चुकलं असेल तर मूठ बदलावी लागते.

चाप किती वजनाला सुटतो हेही बघायचं. नियमाप्रमाणे तो निदान ५०० ग्रॅमचा हवा. क्लबमध्ये वजन लटकवून एका मिनिटात तपासून देतात. त्या कंपनीचे सुटे भाग इथे मिळतात का, दुरुस्त करणारा माणूस कुठे आहे, हे विचारा. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर ऐन पात्रता फेरीत तुटला. दुरुस्तीत वेळ गेला आणि ती अंतिम फेरीत पोचू शकली नाही. २०२४मध्ये पॅरिसला तिने दोन कांस्यपदकं आणली, ती गोष्ट वेगळी. तिच्या दिमतीला तेव्हाही माणसं होती. आपल्या मुलीचा लिव्हर तुटला तर तिला एसटी पकडून पुण्याला जावं लागेल.

आणि सगळे पैसे पिस्तुलात घालू नका. छर्ऱ्यांच्या डबीत साधारण ५०० छर्रे असतात. रोज शंभर मारले तर डबी पाच दिवसांत संपते. त्यात रेंजची फी, हवा भरण्याचे पैसे, प्रवास. आम्ही कर्ज देताना यातलं काहीच धरलं नव्हतं. पिस्तूल असून छर्ऱ्यांना पैसे नाहीत अशी मुलं आम्ही त्या क्लबमध्ये बघितली.

घरातल्या गोष्टी थोडक्यात. पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, छर्रे दुसरीकडे. नळीत रंगीत सुरक्षादोरी घातलेली असावी, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही दिसतं. हवेचं आहे म्हणून खेळणं समजू नका, छर्ऱ्याने डोळा जातो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. एसटीत पेटी उघडायची नाही, ओळखपत्र आणि क्लबचं कार्ड जवळ ठेवायचं.

आमच्या मुलीचं पुढे काय झालं? नवा सिलिंडर आला, दोन महिन्यांनी. तोवर ती क्लबच्या पिस्तुलावर मारत राहिली. मूठ प्रशिक्षकांनीच घासून बसवून दिली. वाढीव खर्चासाठी तिच्या आईने दुसरं कर्ज मागितलं नाही, दोन शेळ्या विकल्या. त्याची आम्हाला अजून लाज वाटते. हप्ते वेळेवर येतात, अजून सहा राहिलेत.

गेल्या महिन्यात गटात आणखी एक अर्ज आला, अकरावीतल्या मुलीसाठी. सोयरिकीचा विषय या वेळी निघालाच नाही. सचिवताईंनी विचारलं, क्लबच्या पिस्तुलावर किती महिने झाले? दोनच झाले होते. अर्ज दिवाळीनंतर पुन्हा आणायला सांगितला आहे. छर्ऱ्यांसाठी मात्र गटाने तीन हजार दिले.