फरशी सुटण्याचे कारण तिच्या पाठीवर शोधावे

घरातील फरशी गवंड्याच्या मदतीशिवाय स्वतःच बसविण्याचा प्रयत्न आता अनेक कुटुंबे करू लागली आहेत. तयार मिश्रणाच्या पिशव्या, दातेरी थापी, रबरी हातोडा आणि टाइल कापण्याचे छोटे यंत्र आता लहान शहरांतही उपलब्ध आहे. काम पूर्ण झाल्यावर जमीन देखणी दिसते. मात्र काही महिन्यांनी एखादी फरशी पायाखाली हलू लागते, दरजेतील सिमेंटचा भुगा होतो किंवा चालताना पोकळ आवाज येतो. अशा वेळी दरजेतून सिमेंटचे पाणी ओतण्याचा उपाय सर्रास केला जातो. तो क्वचितच टिकतो, कारण फरशी कोणत्या कारणाने सुटली हे त्यातून कळत नाही आणि मूळ दोष तसाच राहतो.

हा दोष समजून घेण्यासाठी फरशी तयार कशी होते हे पाहणे उपयुक्त ठरते. जयपूर शहराच्या उत्तरेस, सीकर मार्गालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. तेथील विविध उद्योगांमध्ये संगमरवर आणि ग्रॅनाइट कापून त्यांना झिलई देणाऱ्या कारखान्यांचाही समावेश आहे. दगडाचे मोठे ठोकळे पाण्याच्या धारेखाली करवतीने कापले जातात. दगडाची भुकटी पाण्यात मिसळून दुधासारखा राडा तयार होतो आणि तो लादीच्या पाठीवर वाळून पांढरट थर धरतो. नाजूक दगड वाहतुकीत फुटू नये म्हणून काही लाद्यांच्या पाठीला राळेच्या साहाय्याने काचतंतूंची जाळीही चिकटविली जाते.

ग्राहकाचे लक्ष झिलईच्या बाजूकडे असते. फरशी टिकणार की नाही, हे मात्र पाठीवर ठरते. सिमेंट दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून पकड घेते. मध्ये भुकटीचा थर असेल तर सिमेंट त्या भुकटीला चिकटते, दगडाला नाही. राळेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर तर साध्या सिमेंटला पकड मिळतच नाही. भट्टीत भाजलेल्या व्हिट्रिफाइड टाइलच्या पाठीवरही पांढरी पूड आढळते. टाइल भट्टीतील रुळांना चिकटू नये म्हणून ती लावलेली असते. बसविण्यापूर्वी ही पूड ओल्या फडक्याने पुसून काढणे आवश्यक असते.

जुनी पद्धत, नवी टाइल

भारतात फरशी बसविण्याची रूढ पद्धत म्हणजे वाळू-सिमेंटचा जाड थर पसरून त्यावर सिमेंटची रबडी ओतणे आणि फरशी ठोकून बसविणे. शहाबादी फरशी, कोटा दगड आणि मोझॅक लादी यांच्यासाठी ही पद्धत अनेक दशके उपयोगी पडली आहे. या फरश्या पाणी शोषतात आणि त्यासोबत सिमेंटही धरून ठेवतात. व्हिट्रिफाइड टाइलची पाणी शोषण्याची क्षमता मात्र तिच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक नसते. त्यामुळे केवळ रबडीवर ती पक्की बसत नाही. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त टाइल ॲडहेसिव्ह वापरावे लागते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १५४७७ या मानकात ॲडहेसिव्हचे प्रकार ठरवून दिले आहेत. पिशवीवर छापलेला प्रकार आपल्या टाइलसाठी योग्य आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे.

राजस्थानातील हिरवा संगमरवर हा आणखी वेगळा विषय आहे. उदयपूर जिल्ह्यातील ऋषभदेव परिसरात मिळणारा हा दगड सर्पेंटाइन जातीचा आहे. पाणी शोषल्यावर त्याच्या लाद्या वाकतात आणि कडा उचलल्या जातात. त्यामुळे पाण्यात कालवलेल्या मिश्रणाऐवजी एपॉक्सी ॲडहेसिव्ह वापरणे इष्ट ठरते.

उचललेली फरशी काय सांगते

सर्वप्रथम लाकडी मूठ किंवा नाणे प्रत्येक फरशीवर हलके आपटून आवाज ऐकावा आणि जेथे पोकळ आवाज येतो तेथे खडूने खूण करावी. पोकळ आवाज येणारी प्रत्येक फरशी सुटलेलीच असते असे नाही. ती हलत नसेल आणि तिच्या दरजा अखंड असतील, तर काही काळ केवळ लक्ष ठेवले तरी चालते. जी फरशी हलते ती मात्र काढावी लागते. ती काढल्यावर मसाला कोठे राहिला आहे, याचे बारकाईने निरीक्षण करावे.

फरशीची पाठ स्वच्छ असेल आणि सर्व मसाला जमिनीवर राहिला असेल, तर दोष पाठीवरील पूड किंवा राळेचा असतो. मसाल्यावर थापीच्या दातांच्या रेषा न दबता तशाच दिसत असतील, तर फरशी ठेवण्यापूर्वीच ॲडहेसिव्हवर साय धरली होती असे समजावे. सर्वसाधारण हवामानात अनेक ॲडहेसिव्ह पसरल्यानंतर सुमारे २० मिनिटांपर्यंत पकड घेऊ शकतात. जयपूर किंवा विदर्भातील उन्हाळ्यासारख्या कोरड्या, उष्ण हवेत हा अवधी पुष्कळ कमी होतो. बोट लावल्यावर ॲडहेसिव्ह बोटाला लागत नसेल, तर ते खरवडून नवे पसरावे.

मसाला फरशीसोबत वर आला आणि खालचा कोबा भुसभुशीत असेल, तर दोष जमिनीचा आहे. धूळ, जुना रंग, प्लास्टरचे थेंब अथवा अपुरे पाणी मारलेला कोबा ही त्याची कारणे असतात. मसाला मधोमध तुटून हाताने चुरला जात असेल, तर मिश्रणात सिमेंट कमी पडले आहे किंवा पाणी अधिक झाले आहे. पाठीवर चार-पाच ठिकाणीच गोळे दिसत असतील, तर फरशी त्या गोळ्यांवर तरंगत होती आणि तिचे कोपरे निराधार होते. घरातील कोरड्या जागी पाठीचा किमान ८० टक्के आणि ओल्या अथवा उघड्या जागी ९५ टक्के भाग ॲडहेसिव्हने भरलेला असावा, असा अमेरिकेतील मानकांचा दंडक आहे.

जागेअभावी उसळणारी फरशी

काही वेळा शेजारशेजारच्या दोन फरश्या एकमेकींना रेटून तंबूसारख्या वर येतात. कधी कधी मोठा आवाजही होतो. येथे दोष बहुधा जागेच्या अभावाचा असतो. नवे काँक्रीट वाळताना आकसते. ०.०४ टक्के आकुंचन धरले तरी ५ मीटर लांबीच्या खोलीत ते २ मिलिमीटर होते. थंडीत स्लॅब आणखी आकसतो. टाइल मात्र तितकी आकसत नाही, उलट ओलाव्याने ती किंचित फुगते. भिंतीपर्यंत घट्ट बसविलेल्या जमिनीत हा ताण वर उसळूनच मोकळा होतो. त्यासाठी भिंतीलगत सुमारे ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, मात्र सिमेंटने भरू नये. मोठ्या दालनात सुमारे ८ मीटरवर आणि उन्हातील गच्चीवर ३ ते ४ मीटरवर लवचीक भरावाची दरज सोडावी.

दुरुस्तीचा क्रम

कारण निश्चित झाल्यावर पुढील काम सोपे होते. फरशीभोवतीच्या दरजा प्रथम कोरून घ्याव्यात, म्हणजे शेजारच्या कडा फुटत नाहीत. फरशी काचेच्या कामात वापरतात तशा रबरी चूषकाने उचलावी. पाठीवरील आणि जमिनीवरील जुना मसाला छिन्नीने पूर्ण काढावा. हा टप्पा टाळल्यास फरशी शेजारच्या फरशीपेक्षा उंच बसते. भुसभुशीत कोबा टणक भाग लागेपर्यंत खरवडून पुन्हा भरावा. धूळ झाडून आणि पुसून काढावी. पाठीला राळेची जाळी असेल, तर एपॉक्सी ॲडहेसिव्ह वापरावे.

ॲडहेसिव्ह दातेरी थापीने जमिनीवर एकाच दिशेने पसरावे आणि फरशीच्या पाठीवरही पातळ हात द्यावा. फरशी रेषांच्या आडव्या दिशेने थोडी सरकवत दाबल्यास मधली हवा निघून जाते. किमान २४ तास तेथे पाय ठेवू नये. दरजा त्यानंतरच भराव्यात.

फरशी अखंड आहे, पण खाली पोकळी आहे, अशा ठिकाणी दरजेत बारीक छिद्र पाडून पातळ एपॉक्सी सोडण्याचा मार्ग आहे. खाली धूळ किंवा ओल असेल तर मात्र तो यशस्वी होत नाही. छिद्र पाडण्यापूर्वी खालून जाणारी वीजवाहिनी व नळ यांची खात्री करावी. न्हाणीघरात जलरोधक थर फाटण्याची शक्यता असल्याने तेथे अनुभवी कारागिराची मदत घ्यावी.

धुळीपासून सावधगिरी

व्हिट्रिफाइड टाइल, ग्रॅनाइट आणि सिमेंट-वाळूचा मसाला कोरडा कापल्यास सिलिकायुक्त बारीक धूळ उडते. ती दीर्घकाळ फुप्फुसात जात राहिल्यास सिलिकोसिस होतो आणि या आजारावर पूर्ण बरे करणारा उपचार नाही. दगडाच्या व्यवसायावर हजारो कामगारांचे पोट असलेल्या राजस्थानात हा प्रश्न इतका गंभीर ठरला की, राज्य सरकारने २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण आणले. घरातील एक-दोन फरश्यांच्या कामात धोका कमी असला, तरी बंद खोलीत ग्राइंडर कोरडा चालवू नये. कापताना पाणी वापरावे, एन-९५ दर्जाचा मुखपट्टा व चश्मा घालावा आणि भुगा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा.

दोन-चार फरश्या सुटल्या असतील तर ही दुरुस्ती घरी होऊ शकते. मात्र उचललेल्या प्रत्येक फरशीच्या पाठीवर एकच दोष दिसत असेल, तर तो सर्व जमिनीत असण्याचा संभव असतो. अशा वेळी एकेक फरशी चिकटवत बसण्यापेक्षा तेवढा भाग उखडून नव्याने बसविणे अंती स्वस्त पडते. फरशी घेताना एक-दोन खोकी जास्त घेऊन ठेवावीत, कारण त्याच रंगछटेची फरशी पुढे बाजारात मिळेलच याची खात्री नसते.