बाकी आणि ताळा

गतवर्षी कापसाच्या हंगामात आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मुलाच्या वसतिगृहाची रक्कम पाठविली. खात्याचा क्रमांक लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले आणि रक्कम परक्या खात्यात गेली. ती परत मिळेपर्यंत त्या गृहस्थांस गावाहून यवतमाळास अनेक खेपा घालाव्या लागल्या. क्रमांकानेच "मी चुकलो आहे" असे सांगितले असते तर किती बरे झाले असते! अशी सोय गणितशास्त्राने शोधून काढलेली आहे. तिचे मूळ भागाकाराच्या बाकीत आहे. आणि हीच बाकी विद्यार्थी उरलीसुरली वस्तू समजून सोडून देतात.

बाकीचा उपयोग आपण नित्य करतो. आठवडी बाजार दर सात दिवसांनी भरतो. यास्तव वार काढावयाचा असल्यास सातांनी भागून केवळ बाकी पाहावी. १५ ऑगस्ट १९४७ रोजी शुक्रवार होता. तेथून २६ जानेवारी १९५० हा दिवस ८९५ दिवसांनी येतो. ८९५ ला ७ ने भागल्यास बाकी ६ उरते. शुक्रवारापासून सहा वार पुढे मोजा. गुरुवार येतो, आणि त्या दिवशी गुरुवारच होता.

आता ताळा पाहू. १०, १००, १००० यांस नवाने भागल्यास प्रत्येक वेळी बाकी १ उरते. म्हणून कोणत्याही संख्येची नवाची बाकी तिच्या अंकांच्या बेरजेवरून कळते. २४७ × ३५ = ८६४५ हा गुणाकार घ्या. २४७ ची बाकी ४ व ३५ ची ८. त्यांचा गुणाकार ३२, त्याची बाकी ५. उत्तराच्या अंकांची बेरीज २३, तिचीही बाकी ५. ताळा जमला. कोणी ८५४५ लिहिले असते तर बाकी ४ येऊन चूक तत्काळ उघडी पडली असती. परंतु ८६५४ लिहिल्यास हा ताळा फसतो, कारण अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते. अशा दोन संख्यांतील फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांनी अंकांच्या अशाच उलटापालटीतून व वजाबाकीतून १९४९ साली ६१७४ ही सुप्रसिद्ध संख्या जगापुढे मांडली. तीही नवाच्या पटीतलीच आहे.

तेव्हा अंकाच्या किमतीबरोबर त्याची जागाही मोजली पाहिजे. पुस्तकांवरील तेरा अंकी क्रमांकात अंकांस आळीपाळीने १ व ३ ने गुणून बेरीज करतात. ती दहाने निःशेष भागली गेलीच पाहिजे. शेवटचा अंक त्यासाठीच योजलेला असतो. एक अंक चुकला तर तो येथे हटकून सापडतो. शेजारच्या अंकांची अदलाबदलही सापडते, मात्र त्या दोहोंत पाचाचे अंतर असल्यास ती निसटते. आधार क्रमांकाच्या शेवटच्या अंकासाठी डच गणिती व्हेरहूफ ह्यांची १९६९ सालची रीत वापरली आहे. तीतून शेजारच्या अंकांची अदलाबदल मुळीच सुटत नाही.

हा ताळा आज मनुष्याऐवजी संगणक पाहतो. तो कसा मोजतो, हे समजण्यास आजोबांचा तराजू आठवावा. मेट्रिक मापे येण्यापूर्वी शेराचे सोळा छटाक होत. अच्छेर आठ छटाकांचा, पावशेर चारांचा, अदपाव दोहोंचा व शेवटी एक छटाक, अशी चार वजने दुकानी असली की एकापासून पंधरा छटाकांपर्यंत काहीही तोलता येई. तेरा छटाकांस अच्छेर, पावशेर व छटाक पारड्यात, अदपाव बाहेर. पारड्यातील वजनास १ व बाहेरच्यास ० लिहा, ११०१ झाले. संगणक तेरा ही संख्या अशीच लिहितो.

तेरांस चारांनी भागून बाकी हवी असल्यास त्याला भागाकार करावा लागत नाही. चार व त्याहून मोठी वजने त्याने खाली ठेवली की पुरे. उरला एक छटाक, तीच बाकी. त्याकरिता तो ११०१ खाली ००११ लिहितो, आणि ज्या स्थानी दोन्हीकडे १ असेल तेथेच १ ठेवतो, उत्तर ०००१. दुसरा नियम असा की, दोन अंक सारखे असल्यास ० व भिन्न असल्यास १ लिहावा. हा नियम ११०१ च्या चारही अंकांस क्रमाने लावल्यास शेवटी १ येतो. म्हणजे त्यात १ हा अंक विषम वेळा आहे. तो १ शेवटी जोडून ११०११ पाठविले की एकूण संख्या सम होते. वाटेत एक अंक बिघडला तर ती विषम होऊन चूक कळते. दोन अंक एकदम बिघडले तर मात्र कळत नाही. म्हणून महत्त्वाच्या कामी एकाहून अधिक ताळे ठेवतात.

विद्यार्थ्यांनो, उत्तर आले की पाटी पुसण्याची घाई करू नका, ताळा पाहा. आणि पालकांस आमची विनंती ही की, पैसे पाठविण्यापूर्वी क्रमांक मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा. यंत्रास त्याचा ताळा आहे. आपणांस आपला असावा.