तैलरंगाची खोली

दिघीत आळंदी रस्त्यालगतची एक खोली डोळ्यांसमोर आणा. चित्रकलेचे दोन विद्यार्थी तिथेच रंगवतात, तिथेच झोपतात. रस्त्याची धूळ नको म्हणून दारे-खिडक्या बंद, डोक्यावर पंखा चालू आणि शेजारी वाटीत ब्रश धुण्याचे टर्पेंटाइन उघडे!

समजा, संध्याकाळपर्यंत त्यातले १० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन चमचे, उडून गेले. त्यांचे वजन सुमारे साडेआठ ग्रॅम. खोली लांबी-रुंदी-उंचीला ३ मीटर असेल तर घनफळ २७ घनमीटर. आता भागाकार करा. दर घनमीटरला ३०० मिलिग्रॅमहून अधिक! कारखान्यात रोज आठ तास काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी सुचवलेली मर्यादा आहे सुमारे ११० मिलिग्रॅम. डोळे चुरचुरले, डोके दुखले तर नवल नाही.

टर्पेंटाइनची वाफ हवेच्या साडेचार पटींहून जड. मग ती जमिनीलगत साचत असेल, असे तुम्ही म्हणाल. पण इथे हवेच्या दहा हजार भागांत तिचा एक भागसुद्धा नाही. तेवढ्याने हवा कितीशी जड होणार? एकदा मिसळलेली वाफ वेगळी होऊन खाली बसत नाही.

आणि पंखा? तो आहे तीच हवा घुसळतो. उलट वाटीवरून वारा गेल्याने बाष्पीभवन वाढते!

हवा बदलायची तर समोरासमोर दोन वाटा हव्यात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा. तेव्हा पश्चिमेची खिडकी आणि पूर्वेचे दार उघडावे. धुळीचा त्रास असेल तर पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी. वाटीऐवजी घट्ट झाकणाची बरणी घ्यावी आणि ब्रश बुडवण्यापुरतीच उघडावी.