नवी वस्तु आणि मोठी कंपनी

ज्या कंपनीजवळ भांडवल, यंत्रें आणि कुशल माणसें मुबलक आहेत, तिला नवी वस्तु निर्माण करणें सोपें जावें, असें आपणांस वाटतें. अनुभव पुष्कळदां उलट येतो. याचें कारण काय आणि ही अडचण कशी दूर करतां येते, हें नागपूरच्याच एका उदाहरणावरून पाहूं.

जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं नागपुरांत सुरू झाली. त्या काळीं लँकेशायरांत म्यूल नांवाच्या यंत्राचा बोलबाला होता. म्यूलचा गाडा पुढें सरकतांना धागा ओढून त्याला पीळ देतो आणि मागें येतांना तो चातीवर गुंडाळतो. रिंग फ्रेममध्यें चातीभोंवतीं एक कडें असून त्यावर तारेची चिमुकली कडी फिरते. ती चातीपेक्षां किंचित् मागें पडते, म्हणून पीळ देणें आणि गुंडाळणें हीं दोन्ही कामें अखंड एकाच वेळीं होतात. १८८३ सालीं एम्प्रेस मिलमध्यें या यंत्राचा प्रयोग झाला आणि तो फलदायी ठरल्यावर त्याचा विस्तार करण्यांत आला.

मग लँकेशायर मागें कां राहिलें? पहिल्या महायुद्धाच्या सुमारासही तेथील बहुसंख्य चात्या म्यूलच्याच होत्या. याला केवळ हट्ट म्हणणें अन्यायाचें होईल. म्यूल चालविणारे कसबी कारागीर व त्यांच्या बळकट संघटना तेथें होत्या. बारीक सुताला म्यूल अधिक मानवत असे. शिवाय सूत कातणाऱ्या आणि कापड विणणाऱ्या गिरण्या बहुधा निरनिराळ्या गांवीं, निरनिराळ्या मालकांच्या होत्या. म्यूलचें सूत हलक्या गुंड्यांच्या रूपानें धाडतां येई. रिंगचें सूत जड लाकडी बॉबिनींवर असे, आणि रिकाम्या बॉबिनी परत आणण्याचा खर्च वेगळा. कातणाराची बचत अशी वाहतुकींत खर्ची पडे. नागपुरांत मात्र कताई आणि विणाई एकाच आवारांत, एकाच व्यवस्थेखालीं. तेथें नफ्यातोट्याचा हिशेब एकच होता.

आजच्या मोठ्या कंपनींतही हीच लँकेशायरी अडचण एका छपराखालीं नांदते. आरेखन खातें नकाशा काढतें. कारखाना म्हणतो, असा भाग घडवितां येत नाहीं. खरेदी खातें स्वस्त माल पाहतें. आणि विक्री खातें अखेरीस सांगतें कीं, गिऱ्हाइकाला हें नकोच होतें. प्रत्येक खातें आपापल्या हिशेबानें बरोबर असतें; एकंदर हिशेब मात्र कोणाचाच नसतो.

यावरचा उपाय महाराष्ट्रांतच करून दाखविण्यांत आला. महिंद्र अँड महिंद्र कंपनीचा लौकिक जीपगाड्यांचा. तिनें २००२ सालीं 'स्कॉर्पिओ' ही गाडी बाजारांत आणली. तिच्यासाठीं आरेखन, उत्पादन, खरेदी व विक्री या खात्यांतील तरुण मंडळी प्रथमपासून एका तुकडींत बसविलीं गेली. पुरवठादारांनाही भाग घडविण्यापुरतें न ठेवतां आरेखनांतच सहभागी करून घेतलें. गाडी नाशिकच्या कारखान्यांत तयार होऊं लागली.

या दोन उदाहरणांवरून तीन गोष्टी ध्यानांत येतात. नव्याची परीक्षा जुनें चालू ठेवून लहान प्रमाणावर घ्यावी. तिच्या यशापयशाची जबाबदारी एकाच तुकडीवर असावी. आणि ज्यांचें जुनें कसब निरुपयोगी होणार, त्यांना नवें शिकविण्याची तरतूद आधींच करावी. पोटाची भीति वाटणारा मनुष्य सुधारणेला कधींही मनापासून साह्य करीत नाहीं.

हजारों कुटुंबांची चूल जिच्यावर पेटत होती, ती एम्प्रेस मिल आज नाहीं; तिच्या जागेवर आतां एम्प्रेस मॉल उभा आहे. नवें स्वीकारण्याचें काम एका पिढीनें केलें, म्हणून पुढच्या पिढीला तें चुकत नाहीं.