आईबाबा अमेरिकेला येताना

व्हिसा दहा वर्षांचा असला, तरी या खेपेला किती दिवस राहायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. बहुधा ६ महिने मिळतात. खरी तारीख ‘आय-९४’ नोंदीत असते. ती ऑनलाइन लगेच पाहून ठेवा. मुदतवाढीचा ‘आय-५३९’ अर्ज ती तारीख उलटण्याआधीच करायचा.

विमा टाळू नकाच. पाहुण्यांना मेडिकेअर मिळत नाही आणि स्वस्त पॉलिसींत जुना मधुमेह, रक्तदाब बहुतेकदा वगळलेला असतो. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत.

खाण्याचे जे असेल ते कस्टम्सला सांगायचेच. आईला वाईट वाटेल, पण आंबेमोहोर आणू देऊ नका: खापरा भुंगेऱ्याच्या धोक्यामुळे भारतातून प्रवासी सामानात तांदूळ आणायला बंदी आहे.