ढोलकीफडातील नर्तकीचा आहार

ढोलकीफडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो आणि चैत्र-वैशाखातील गावजत्रांच्या दिवसांत एका गावचा खेळ आटोपून फड लगेच पुढच्या गावाची वाट धरतो. म्हणूनच नर्तकीच्या आहाराचा विचार करताना ती काय खाते याच्या आधी ती केव्हा खाऊ शकते, हे पाहावे लागते. खेळ रात्रीचा, झोप दिवसा आणि स्वयंपाक फडाबरोबर फिरणाऱ्या आचाऱ्याच्या हाती, अशा व्यवस्थेत आहारशास्त्राच्या पुस्तकांतले वेळापत्रक जसेच्या तसे लागू पडत नाही.

खेळ उभा राहण्यापूर्वीचा तास विशेष लक्ष देण्याजोगा आहे. नऊवारीचा कासोटा ओढून कंबरपट्टा आवळला जातो, घोट्यापासून वरपर्यंत घुंगरांचे जड चाळ बांधले जातात, आणि भरल्या पोटी ही आवळाआवळ सोसत नसल्यामुळे केवळ चहावर वेळ मारून नेण्याकडे कल राहतो. लावणीच्या चढत्या लयीत पायांच्या स्नायूंना मुख्यतः ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत व यकृतात साठवलेली साखर, इंधन पुरवते. हा साठा भाकरी, भात, पोळी यांतील पिष्टमय पदार्थांतून भरून निघतो आणि तो आटला की पाय जड होतात, तोल जाण्याचा धोका वाढतो. भाकरी, डाळ आणि भाजी हे जेवण खेळापूर्वी तीनेक तास उरकून, चाळ बांधण्याआधी एखादे केळे किंवा राजगिऱ्याचा लाडू घेतला, तर कासोटाही आवळता येतो आणि शक्तीही टिकते. घामावाटे जाणारे पाणी व मीठ भरून काढायला मीठ घातलेले ताक पुरेसे असते. त्यासाठी बाटलीबंद पेयांची गरज नाही.

उपासमार रोजची झाली की तिचा परिणाम हाडांपर्यंत पोचतो. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडल्यास पाळी अनियमित होते, हाडे ठिसूळ होतात, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये खेळाडूंच्या संदर्भात वर्णन केलेली ही अवस्था रात्रभर नाचणाऱ्या स्त्रीला तितकीच लागू पडते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर रोजची गरज साधारण 1000 मिलिग्रॅमची. तेव्हा नाचणीच्या भाकरीला दुधा-ताकाची जोड हवीच. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळत असताना जेवणालगत चहा घेण्याची सवय अधिक घातक ठरते, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते; उलट पालेभाजीवर पिळलेले लिंबू ते वाढवते.

गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांमध्ये सुपारी ठरवताना जत्रा समित्या पैशांची व तारखेची बोलणी करतात. त्याच बोलण्यांत फडाला मुक्कामी दिवस मावळण्याच्या सुमारास गरम जेवण मिळेल, ही अटही त्यांनी घालून घ्यावी.